टोपी गोल म्हणून रायफल ठणठणीत? असं नसतं हो

आंबा-काजूवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, शेतीसंरक्षण परवान्यावर .315 रायफल असलेल्यांसाठी. त्यात काय म्हटलंय, तर बार झाल्यावर पुंगळीच्या (म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) बुडाची टोपी (सुई आपटली की ठिणगी देते ती) गोलसर राहिली म्हणजे प्रेशर नॉर्मल, बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) सहज उघडला की चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ओके, काडतूस हिरवं पडलं तर चिंच लावून घासा नि वापरा, आणि नळी चकाकली की बाकी काय बघायला नको. मला चौघांनी पाठवला, त्यात दोघे नात्यातले, म्हणून बसून लिहितोय.

नुसत्या टोपीवरून निदान म्हणजे वरचा रंग बघून हापूसमध्ये साका (आतला बिघडलेला गर) नाही असं सांगण्यासारखं आहे. टोपीचा पत्रा कुठे मऊ असतो कुठे कडक. शिवाय बोल्ट आणि काडतुसाच्या बुडात खेळ जास्त असला (हेडस्पेस वाढला म्हणतात तो हाच) तर बार होताना टोपी आधी मागे सरकते, मग पुंगळी मागे येऊन तिच्यावर आपटते, आणि दारू बरोबर असूनही टोपी चपटी! उलट दारू जुनी होऊन जोर कमी पडला तर पुंगळी मागे येतच नाही, टोपी बाहेर डोकावत राहते, छान गोल, आणि मेसेजच्या हिशोबाने सगळं उत्तम. टोपीला भोक दिसलं किंवा तिच्या कडेने काजळी आली तर मात्र थांबायचं, तिथे वाद नाही.

बोल्ट अडकत असेल तर काहीतरी बिघडलंय हे खरं, पण सहज उघडला म्हणजे सगळं बरं असं कुठेय? आपली ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .315 ही ब्रिटिश फौजेच्या जुन्या ली-एनफिल्ड रायफलच्या धाटणीची, बोल्ट अडवणारे खांदे मागच्या बाजूला, त्यामुळे बार होताना बोल्ट किंचित दबतो आणि पुंगळी ताणली जाते. त्यात हेडस्पेस वाढलेला असला तर ती बुडाच्या जरा वर, सेंटीमीटरभर अंतरावर, आतून पातळ होत जाते. बाहेरून तिथे कधी चकचकीत कडं दिसतं, कधी दिसतही नाही. बारीक तार घ्या, टोक वाकवा, रिकाम्या पुंगळीत घालून भिंतीवरून बुडाकडे ओढत न्या, तिथे खाच लागली तर ती रायफल गेज (हेडस्पेस मोजायचं माप) असलेल्या कारागिराला दाखवल्याशिवाय पुन्हा वाजवायची नाही, कारण पुढची पुंगळी तिथेच फाटली तर गॅस मागे आपल्या तोंडाकडे येतो. आणि एका रायफलचा बोल्ट दुसरीत घालायची हौस तेवढी सोडा, त्यानेही हेडस्पेस बदलतो.

आता चिंच. जिवंत काडतूस ओल्या चिंचेने घासायचं हे ज्याला सुचलं त्याला देवघरातली समई आणि काडतूस यातला फरक कळला नसावा. ओल टोपीच्या फटीतून आत जाऊ शकते हे एक, आणि घासून हिरवं गेलं तरी खालचे खड्डे नि चिरा तिथेच राहतात, फक्त दिसेनाशा होतात. चिरांची गोष्ट तर आपल्या पावसाळ्याचीच आहे. ब्रिटिश फौज पावसाळ्यात दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यात ठेवायची, आणि पाऊस सरल्यावर बघावं तर पितळी काडतुसं तडकलेली, विशेषतः गोळी जिथे आवळून बसवलेली असते तिथे. कारण 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडलं, घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळेत उरलेला ताण, दोन्ही मिळून. आता सांगा, आपल्याकडे काडतुसांचा डबा कुठे असतो? आमच्या घरी तो कित्येक वर्षं गोठ्याच्या माळ्यावर होता, खाली दोन म्हशी! मान तडकलेलं एक काडतूस हातात आलं तेव्हा कुठे तो माजघरात आला. वरवर हिरवट पूड असेल तर कोरड्या फडक्याने पुसून भिंगाखाली बघा, खड्डा किंवा चीर दिसली तर ते बाद.

नळीचं थोडक्यात. रायफल रिकामी आहे याची बोट घालून खात्री करा, बोल्ट काढा, मागून उजेडाकडे बघा. आत काळसर कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली असू शकते, मग आतून कितीही चकाको. आणि आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की बघितल्याशिवाय भरू नका, नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं मी डोळ्याने बघितलंय, सळईने ठोकून काढलं तेव्हा आतून सुकलेला कोळी निघाला.