‘कुठल्याही पाइपवर चालतं’ असं सांगून मशीन विकल्याच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय काल रात्री वाचला. सकाळी दुकान उघडल्यावर बिलबुक समोर घेऊन पुन्हा वाचला. इथं वाचणाऱ्या बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही आमच्याकडून ४८ हजारांचा ग्राउंड माइकचा सेट घेतला, म्हणजे जमिनीवर टेकवून खालच्या पाइपच्या गळतीचा आवाज ऐकायचं मशीन. हा कुठल्याही पाइपवर चालतो, असं तुम्हाला काउंटरवर सांगण्यात आलं. कोल्हापुरात फुलेवाडीतल्या एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये तुम्ही दोन रात्री हेडफोन लावून काढल्या, पेव्हिंग ब्लॉक उचलून दोन खड्डे घेतले आणि दोन्ही कोरडे निघाले. शेवटी तुमच्या मामांनी लोखंडी गजाचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि पंधरा मिनिटांत गळती दाखवली. तुम्ही पैसे परत मागायला आलात, तर ‘पाइप शोधायचं मशीन वेगळं घ्यावं लागेल’ असं ऐकवलं गेलं.

‘कुठल्याही पाइपवर चालतो’ हे वाक्य चुकीचं होतं. ते माझ्या दुकानात बोललं गेलं, म्हणजे ते माझंच. काउंटरवरच्या मुलाला बोल लावू नका. मशीन चालू कसं करायचं, चार्ज कसं करायचं हे मी त्याला शिकवलं. गिऱ्हाइकाला आधी काय विचारायचं हे मी शिकवलं नव्हतं. लाइन कशाची आहे, प्रेशर किती, वर काय टाकलंय, खाली माती कसली, हे चार प्रश्न त्या दिवशी तुम्हाला विचारले असते, तर हा सेट तुम्हाला विकलाच नसता.

तुमची लाइन ३२ एमएमची पीव्हीसी होती. गळतीचा आवाज म्हणजे भोकातून जोरानं बाहेर पडणाऱ्या पाण्याची घरघर. जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपमधून ती लांबवर जाते, कारण धातू आवाज पुढं नेतो. पीव्हीसी मऊ असतं, आवाज गिळतं. बारीक, उंच पट्टीचा आवाज थोड्याच अंतरात मरतो आणि उरते ती खालच्या पट्टीची गुणगुण. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही त्याच पट्टीत असतो. त्यात तुमच्याकडं वर पेव्हिंग ब्लॉक आणि त्याखाली वाळू, म्हणजे माइकच्या पायाला घट्ट जमीन मिळालीच नाही. शिवाय खाली पावसानं भिजलेली काळी माती. कोब्यावर किंवा दाबलेल्या मुरमावर हाच माइक चांगलं काम देतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या जीआय लाइनींवर आम्ही तो स्वतः वापरतो आणि तिथं तो उपयोगी पडतो. म्हणून ‘ही सगळी मशीनं फसवी’ हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. मशीन खोटं नव्हतं, ते चुकीच्या जागी पाठवलं आणि पाठवणारे आम्ही होतो.

मामांचं मला मनापासून कौतुक वाटलं. त्यांनी काय केलं ते मी फोनवर त्यांच्याकडूनच समजून घेतलं. जीआयच्या निपलवर, म्हणजे आटे पाडलेल्या छोट्या तुकड्यावर, पीव्हीसीचा एफटीए (आतून आटे असलेला जोड) आवळलेला होता आणि त्याला आट्यापाशी चीर गेली होती. निपल लोखंडी, व्हॉल्व्ह पितळी आणि हातातला गजही लोखंडी. आवाजाला मातीतून यावंच लागलं नाही, तो धातूतून सरळ कानापर्यंत आला. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी तुमच्या अभिप्रायात नाही. सकाळी पाणी आल्यावर त्यांनी आधी हौदाकडचा व्हॉल्व्ह बंद केला. त्यामुळं लाइनीत प्रेशर राहिलं, पण हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला. मग जो आवाज उरला तो गळतीचाच. तुम्ही ऐकत होता रात्री. त्या भागात पाणी येतं सकाळी. रात्री त्या लाइनीत प्रेशरच नव्हतं, तर गळती बोलणार कशी? हे आम्ही तुम्हाला सांगायलाच हवं होतं.

प्रेशरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. १० मीटर उंचीवरच्या टाकीनं खाली साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर मिळतं. दुमजली घरात तेवढंही मिळत नाही. एवढ्या प्रेशरला बारीक चीर नुसती झिरपते, आवाज करत नाही. अशा वेळी महागडा माइक आणण्यापेक्षा हाताचा टेस्टिंग पंप लावावा, लाइनीत पाणीच भरून पाइपला झेपेल एवढं प्रेशर वाढवावं आणि पंपावरचा प्रेशरचा काटा किती वेळात खाली येतो ते बघावं. लाइनीचा एकेक तुकडा बंद करत गेलं की काटा कुठल्या तुकड्यात पडतो ते कळतं. कंप्रेसरची हवा मात्र पीव्हीसीत भरू नका. दाबलेल्या हवेनं पीव्हीसी फुटलं तर तुकडे गोळीसारखे उडतात.

त्याच्याही आधी खडूचं काम. हौद २ मीटर बाय दीड मीटरचा असेल, तर पाणी १ सेंटिमीटर उतरलं म्हणजे ३० लिटर गेलं. सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, भिंतीवर रेघ ओढायची आणि तासाभरानं बघायचं. हौदच गळतोय की लाइन, याचा निकाल फुकटात लागतो. आमच्याकडं मशीन घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला हे आता आधी सांगणार आहोत, मग त्यात विक्री गेली तरी चालेल.

आता ‘वेगळं मशीन घ्या’ या उत्तराबद्दल. बोलण्याची पद्धत वाईट होती, त्याबद्दल माफी मागतो. गोष्ट मात्र खरी आहे. पाइप कुठून गेलाय हे शोधणं आणि तो कुठं गळतोय हे शोधणं ही दोन निराळी कामं आहेत. तुमचा दुसरा खड्डा कोरडा निघाला, कारण तिथून पाइप गेलाच नव्हता. तुम्ही व्हॉल्व्हपासून हौदापर्यंत सरळ रेघ धरली होती आणि पाइप कॉलमच्या फुटिंगला वळसा घालून गेला होता. लोकेटर, म्हणजे पाइप शोधायचं ते मशीन, धातूच्या लाइनीवर सिग्नल सोडतो आणि वरून तो पकडतो. पीव्हीसीवर नुसता लोकेटर काहीच दाखवत नाही. त्यासाठी पाइपमध्ये लवचिक रॉड सारावा लागतो, टोकाला छोटा ट्रान्समीटर बसवलेला, आणि तो जिथं जिथं जाईल तिथं वरून खूण करायची. जीआयची लाइनही विजेच्या केबलशेजारून गेली असेल तर सिग्नल केबलवर उडी मारतो आणि आपण पाइप समजून केबलवर पहार घालतो. म्हणून लोकेटर घेणाऱ्याला आम्ही दोन दिवस शिकवल्याशिवाय तो देत नाही. माइकच्या बाबतीतही हाच नियम ठेवायला हवा होता.

तुमच्या अभिप्रायाखाली एकानं रडार घ्यायचा सल्ला दिलाय. मी तो तुम्हाला देणार नाही. जमिनीत लहरी सोडणारं रडार कोरड्या, वाळूमिश्रित जमिनीत छान चित्र देतं. पंचगंगेच्या बाजूच्या ओल्या काळ्या मातीत त्या लहरी वरच्या थरातच जिरून जातात. फुलेवाडीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात एवढा पैसा घालून हाती काही लागणार नाही.

तुमच्या लाइनीला खरं तर गॅसची पद्धत लागली असती. लाइन रिकामी करून तिच्यात ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन असं तयार मिश्रण कमी प्रेशरला सोडतात. हायड्रोजन सगळ्यात हलका वायू, तो चिरेतून निघून ब्लॉकच्या सांध्यांतून वर येतो आणि वर फिरवलेला सेन्सर तो पकडतो. पाइप पीव्हीसी आहे की प्रेशर कमी आहे, यानं काही अडत नाही. या प्रमाणात ते मिश्रण पेट घेत नाही, पण सिलिंडर त्या मिश्रणाचाच हवा, शुद्ध हायड्रोजन कधीच नाही. तो सेट विकत घेण्याइतकं काम तुम्हाला वर्षभर मिळेल असं मला वाटत नाही, भाड्यानं घेतलेला बरा.

पहिल्या खड्ड्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. भिंतीशेजारी हेडफोनमध्ये जो आवाज आला, तो शेजारच्या बिल्डिंगच्या मोटरचा होता. ऐकताना आजूबाजूच्या मोटरी बंद हव्यात, हे डेमोच्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुम्ही स्वतः हेडफोन लावून तो फरक ऐकला होता. त्या खड्ड्याचा खर्च मी देणार नाही. दुसऱ्या खड्ड्याचे ब्लॉक बसवायची मजुरी मी देतो. ‘मशीन लाइन पण दाखवतं’ असा समज आमच्या बोलण्यामुळं झाला असणार.

४८ हजार पूर्ण परत मिळतील. सेट वापरलाय म्हणून त्यातून एक रुपया कापणार नाही. सेट ठेवायचा असेल तर जुन्या जीआयच्या कामांसाठी ठेवा, त्याच्याबरोबर व्हॉल्व्हवर टेकवून ऐकायची दांडी मी माझ्याकडून देतो. ती मामांच्या गजासारखीच, फक्त आवाज मोठा करणारी. त्यांच्या कानाला ती लागणार नाही, तुमच्या हाताखालच्या पोरांना लागेल.

दादा, काळम्मावाडी धरणाहून थेट पाइपलाइननं पाणी यायला या शहरानं किती वर्षं आंदोलनं केली, हे तुम्ही मी दोघांनी पाहिलंय. २०२३ च्या दिवाळीत ते आलं. तेच पाणी बारा घरांच्या पार्किंगखाली मुरत असेल, तर तुमच्यासारख्या माणसाच्या हातात योग्य साधन असायला हवं. आम्ही तुम्हाला चुकीचं साधन दिलं, ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त लागली.

अभिप्राय काढू नका, तारेही वाढवू नका. सोमवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी अकराच्या आत उद्यमनगरात दुकानी या. मामांना सोबत आणा. मागच्या अंगणात जीआय आणि पीव्हीसी अशा दोन लाइनी पुरून, दोन्हींना मुद्दाम गळती ठेवून पाणी सोडतोय. आधी मामा गजानं ऐकतील, मग तुम्ही माइकनं ऐका. परतीचा चेक तुमच्या नावानं लिहून ठेवलाय.