दुखतं कुठं?

मला दुखतंय हे सांगायला काहीच अडचण नव्हती. कुठं, ते सांगायचं म्हणजे पंचाईत.

गुडघा दुखला तर माणूस ओसरीत बसून दाखवतो, चार जण हात लावून पाहतात, एखादा तेलाचं नाव सांगतो. माझं दुखणं कंबरेच्या खाली आणि मांडीच्या वर, उजव्या बाजूला. त्या जागेला मराठीत शब्द आहेत, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईने चारचौघांत उच्चारावा असा एकही नाही. ‘कुल्ला’ म्हटलं तर चौथीचा अख्खा वर्ग हसून लोळेल. ‘नितंब’ कवितेत असतात, आणि तिथं ते कधी दुखत नाहीत. म्हणून मी दोन महिने ‘कंबर, कंबर’ म्हणत राहिले आणि सगळं गाव माझ्या धडधाकट कंबरेवर इलाज करत राहिलं.

सासूबाईंचं निदान उभ्या उभ्याच झालं. “उसन भरली तुले. पायाळूची लाथ खाय, उतरून जाते.”

आमचं गाव मोर्शी तालुक्यातलं. संत्र्याच्या बागा पुष्कळ, पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, सध्या एकच. तो माझ्याच वर्गात. आदल्या दिवशी तेराचा पाढा आला नाही म्हणून मी त्याला अर्धा तास उभं ठेवलं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सासूबाईंनी त्याला गूळ-शेंगदाणे देऊन अंगणात आणला आणि मला भिंतीकडं तोंड करून उभी केली. एक लाथ ठरली होती. त्याने तीन मारल्या. वर म्हणतो, “मॅडम, पक्कं व्हाले पायजे ना!” पाढ्यात हा पोरगा इतका पक्का कधीच नव्हता.

मग रुईची पानं झाली, तव्यावर गरम करून. बिब्ब्याचा चटकाही ठरला होता. त्या दिवशी मी शाळेत तपासणी आहे असं खोटं सांगून पळाले. बिब्ब्याने कातडी उतते हे मला माहीत होतं, आणि ती चुकीच्या जागची उतली असती हे फक्त मलाच माहीत होतं.

एका डॉक्टरांनी फोटो काढून ‘गादी सरकली’ म्हणून सांगितलं. यात चूक त्यांची कमी, माझी जास्त. मी त्यांनाही कंबरच सांगितली होती.

दुखणं मात्र खरं होतं. बाईक-स्कूटीलाही रडवतील अशा खड्ड्यांतून रोजची ये-जा, आणि शाळेत सतरंजीवर मांडी घालून पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावायची. वीस मिनिटं बसले की आतून कोणी पाचर ठोकल्यासारखं व्हायचं, आणि मग कळ मांडीच्या मागून थेट पोटरीपर्यंत. शेवटी आमच्या यांनी सुटीच्या दिवशी अमरावतीला एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं.

माझ्या भाचीएवढी मुलगी. “काकू, जिथं दुखतं तिथं बोट ठेवा.” मी कंबरेवर ठेवलं. ती गप्प उभी राहिली. “नेमकं.” बोट दोन इंच उतरलं. आमचे हे भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचू लागले. “अजून खाली का?” बोट उतरलं. मग तिने त्याच जागी अंगठा दाबला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते बाहेरच्या बाकावरही ऐकू गेलं. मला डाव्या कुशीवर निजवून तिने उजवा पाय वाकवला, गुडघा पुढून खाली आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळवलं. कळ पुन्हा पोटरीत. माझी ही दशा आणि ती मात्र पेपर सोपा गेल्यासारखी खूश!

“पिरिफॉर्मिस,” म्हणाली. माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडापासून मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकापर्यंत जाणारा छोटा स्नायू. त्याच्या खालून शरीरातली सगळ्यात जाड नस, सायटिक, पायात उतरते. काहींच्यात तर ती त्या स्नायूतूनच जाते. स्नायू आखडला की नस आवळते. बायकांत हे जास्त दिसतं, त्याला आमच्या कंबरेच्या हाडांची रुंद ठेवणही कारण असावी म्हणे. या दुखण्याला हे नाव १९४७ साली रॉबिन्सन नावाच्या डॉक्टरने दिलं, असं मी पुढं वाचलं. देश स्वतंत्र झाला त्याच साली. आमच्या गावात एक बातमी पोचली, दुसरी राहिली.

स्नायूचा आकार नासपतीसारखा, म्हणून ते लॅटिन नाव. घरी येऊन हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, “संत्र्याच्या मुलखात राहून नासपतीचं दुखनं आनलं व माय तू!”

गोळ्या नाहीतच म्हटल्यावर त्यांचा विश्वास आणखी उडाला. व्यायाम होते. उताणं पडायचं, दुखऱ्या बाजूचा गुडघा धरून समोरच्या खांद्याकडं ओढायचा, तीस आकडे मोजायचे, असं तीनदा. ताण जाणवला पाहिजे, कळ नाही. कुशीवर पडून, टाचा जुळवून, वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडायचा. पाठीवर पडून कंबर उचलायची. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. ही उशी यांची होती. अर्ध्या तासावर बसायचं नाही. आणि एक ताकीद: दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवीवरचा ताबा गेला किंवा पायातलं बळ कमी झालं, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

हे सगळं दोन खोल्यांच्या घरात करायचं. पुढच्या खोलीत टीव्ही आणि येणारे-जाणारे, मागच्या खोलीत चूल, तुरीची पोती आणि सासूबाई. दोन पोत्यांच्या मध्ये चटई टाकून मी शिंपला उघडायला लागले की त्या पदर तोंडाला लावायच्या. “हे पाह्यले तू शयरात गेलती? पैसे देऊन?”

खुर्चीवरचा प्रकार शाळेत बरा, असं मला वाटलं. उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवायचा, पाठ ताठ ठेवून पुढं वाकायचं. मधल्या सुटीत मी तशी बसले. शिपाईकाका दारातूनच परत फिरले. संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं की मॅडमना मुख्याध्यापकाचा चार्ज मिळाला.

सगळ्यात गुणकारी निघाला टेनिसचा बॉल. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, बॉल त्या जागी दाबायचा आणि हळूहळू घोळवायचा. वर्गात काच फोडल्याबद्दल जप्त केलेला एक माझ्या कपाटात होताच. तीन आठवड्यांत मी पूर्ण तासभर बसू लागले. सासूबाईंनी हे पाहिलं, पण बोलल्या काहीच नाहीत. बॉल तेवढा रोज कोनाड्यातून हलू लागला.

मग शेजारच्या काकू आल्या. “बॉल हाय म्हंते तुमच्याकडं. पोट्ट्याले पायजे होता.” त्यांना तिन्ही मुलीच, तिघीही सासरी. मी काही न बोलता दिला. त्यांच्याकडून तो निंदणाला जाणाऱ्या दोघींकडं गेला, दिवसभर उकिडवं बसून त्यांचे काय हाल होत असतील ते मला आता कळत होतं. तिथून अंगणवाडीच्या बाईंकडं, तिथून कुठं, देव जाणे. कुठं दुखतं हे एकीनेही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

रविवारी शेजारच्या गावाशी मॅच होती. बॉल नव्हता. पोरं घरोघर फिरली. प्रत्येक दारात एकच उत्तर: “आमच्याकडं कायले राहीन बॉल?” दुपारी पायाळू माझ्या अंगणात येऊन उभा राहिला, डोळ्यांत पाणी.

“मॅडम, मी साऱ्या बायाइले लाथ मारून देतो. फुकट. पन आमचा बॉल देऊन द्या.”