निकाल अख्खा वाचायचा कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, वेळ काढून एवढं लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की अमेरिकेत वकिली शिकतात ती डिग्री झाल्यावर, लॉ स्कूलमध्ये, मग पोलिटिकल सायन्स करणाऱ्या 19-20 वर्षांच्या पोरांना कॉन्स्टिट्यूशनल लॉच्या कोर्सला जुने निकाल वाचायला लावणं म्हणजे नुसता छळ, कोण जिंकलं आणि काय ठरलं एवढा एक पॅरा पुरे. शिवाय पोरं ब्रीफ, म्हणजे निकालाचा लिहून आणायचा सारांश, नेटवरून उचलतात, आणि 2022 मध्ये डॉब्स केसमध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने गर्भपाताच्या हक्काचा 1973 चा रो केसचा निकालच उडवला, मग जुनं वाचून काय करायचं.

एक पॅरा पुरतो का ते आपल्या जवळच्याच एका केसवर बघू. भगतसिंग थिंड, पंजाबातून आलेला, पहिल्या महायुद्धात अमेरिकन आर्मीत होता, 1923 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं हा कायद्याने 'गोरा' नाही म्हणून याला नागरिकत्व नाही. झाला पॅरा. पोरं म्हणतात तेव्हा वर्णद्वेष होताच, चला पुढे. आता त्याच्या तीनच महिने आधीचा ओझावाचा निकाल काढा. ताकाओ ओझावा, जपानी, वीस वर्षं अमेरिकेत, बर्कलीला शिकलेला, घरातही इंग्रजीच बोलायचे, त्याला कोर्टाने सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा आणि तू त्यात बसत नाहीस. म्हणून थिंडच्या बाजूने मानववंशशास्त्राचे दाखले दिले गेले की उत्तर भारतातले लोक कॉकेशियन धरतात, तर आता तेच कोर्ट म्हणतं शास्त्रज्ञांचं राहू द्या, सामान्य माणूस गोरा कोणाला म्हणतो ते धरायचं! दोन्ही निकाल एकमताने, आणि दोन्ही लिहिणारे जस्टिस सदरलँडच, जे स्वतः इंग्लंडात जन्मलेले. माप बदललं आणि माणूस मात्र दोन्ही वेळा बाहेरच राहिला, हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचल्याशिवाय दिसतच नाही, आणि एकदा दिसलं की पोरं आजच्या निकालातही माप कुठे सरकतंय ते शोधायला लागतात. मला त्यांना हेच शिकवायचंय, वकील होवोत न होवोत, मत तर देणारच आहेत ना.

डॉब्सचं म्हणाल तर निकाल फिरणं नवीन नाही. झेंड्याला सलाम न करणाऱ्या यहोवाज विटनेस या ख्रिश्चन पंथाच्या मुलांना शाळेतून काढता येतं असं 1940 मध्ये गोबायटिस केसमध्ये 8-1 ने ठरलं, आणि 1943 मध्ये बार्नेटमध्ये 6-3 ने बरोबर उलटं. तो 1940 चा एकटा विरोधी जज, स्टोन, त्याचं मत तुमच्या एका पॅऱ्यात कुठे बसणार? नियम काय एवढंच लिहायचं तर डिसेंट, म्हणजे विरोधी जजचं मत, आधी गळतं. आणि बार्नेटचा दाखला पुढे आपल्या सुप्रीम कोर्टानेही घेतलाय, 1986 च्या बिजो इमॅन्युएल केसमध्ये, राष्ट्रगीत न म्हणणाऱ्या केरळमधल्या मुलांसाठी.

ब्रीफ उचलतात हे मात्र अगदी मान्य, म्हणून मी नुसत्या ब्रीफला मार्क देतच नाही. मी विचारतो, यातली कुठली फॅक्ट बदलली तर निकाल फिरेल? टिंकर केस घ्या, 1969, 7-2 ने मुलांच्या बाजूने, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधात दंडाला काळी पट्टी बांधली म्हणून घरी पाठवलेली 13 वर्षांची मुलगी आणि तिच्याबरोबरचे दोघं. पट्टीवरून शाळेत मारामारी झाली असती तर, हे सगळेच सांगतात. पण त्याच भागातल्या काही शाळांमध्ये इलेक्शनचे बिल्ले चालत होते, काही मुलं तर आयर्न क्रॉस, म्हणजे नाझींशी जोडलं गेलेलं चिन्ह, घालून येत होती आणि बंदी आली ती फक्त काळ्या पट्टीवर, ही ओळ निकालाच्या मधोमध आहे. शाळेने सगळीच चिन्हं सरसकट बंद केली असती तर काय, हा प्रश्न ज्याने निकाल उघडलाय त्यालाच सुचतो.