गेमची पेटी बनवाची हाय? मंग पैसा कुठं लावाचा ते ऐका

भाऊ, पहिले तं तुमचं अभिनंदन. कापसाचे पैसे खात्यात पडले, कृषी केंद्राची उधारी थोडीफार फिटली, अन् उरल्या पैशात घरी व्हिडिओ गेमची उभी पेटी बनवावी असं तुमच्या डोक्यात आलं, तालुक्याच्या बसस्टँडामागं रुपया टाकून 'मुस्तफा' खेळायचो ना, डिट्टो तशी. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉमनं १९९३ मध्ये काढलेला, पण ते नाव आपल्याकडं कोणाले ठाऊक होतं, टोपीवाला मुस्तफा धावत येऊन लात घालते म्हणून गेमच मुस्तफा.

बजेट ठरवून टाका, वीस हजार. बजेट म्हणजे घरी सांगायचा आकडा, खर्चाशी त्याचा काही संबंध नसते.

पेटीच्या आत कॉम्प्युटरच बसवाचा असते, तं आता सरळ नागपूरले बर्डीच्या बाजारात जा अन् सगळ्यात पहिले ग्राफिक कार्ड घ्या, म्हणजे कॉम्प्युटरचा चित्र काढणारा भाग. पॅकमॅन १९८० चा गेम, त्याच्या मूळ मशीनीत झेड-८० नावाची ३ मेगाहर्ट्झची चिप अन् अख्खं चित्र २२४ गुणिले २८८ ठिपक्यांचं, तर एवढा मोठा पिवळा गोळा इकडचा तिकडं सरकवाले ८ जीबीचं कार्ड लागणारच ना. ही जुनी गेमं ज्याच्यावर चालतात ते मेम नावाचं सॉफ्टवेअर १९९७ पासून फुकट मिळते अन् जवळपास सगळं काम प्रोसेसरकडूनच, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूकडूनच करून घेते, कार्डाले विचारतही नाही, पण हे दुकानात बोलू नका, दुकानदाराचं मन दुखते. जुनं कार्ड घेत असाल तं अजूनच छान. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग, म्हणजे या कार्डांवर हिशेब चालवून ऑनलाइन नाणी कमवाचा धंदा, बंद झालं अन् दिवसरात्र भट्टीसारखी तापलेली कार्डं बाजारात आली. विकणारा शपथ घेऊन सांगते की घरच्या पोरीनं याच्यावर फक्त ऑनलाइन क्लास केले. विश्वास ठेवा.

प्रोसेसर मोजून घ्या, म्हणजे कोर मोजून, त्याच्यातले काम करणारे गडी. मेमले एकाच कोरचा दम जास्त लागते, बाकीचे कोर बांधावर बसून पाहतात, रोजगार हमीच्या कामावर असते तसं. तरी दुकानदारानं "आठ कोर" म्हटलं की तुम्ही खुश होऊन जा. यात तुमचा एखादा शहाणा भाचा तोंड घालन, की मामा, ऑफिसातून निघालेला तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा जुना कॉम्प्युटर, नुसता डबा घ्या, ४ जीबी रॅम लय झाली, पेनड्राईव्हवर बटोसेरा नावाचं जुन्या गेमांचं सॉफ्टवेअर टाका, ते बी फुकट, मुस्तफा, स्ट्रीट फायटर, मेटल स्लग सगळं चालते अन् टेक्केन ३ भी चालून जाते. त्या भाच्याले चहा पाजा अन् शेवटच्या बसनं परत पाठवा. जुना डबा गावात कोणाले दाखवता? गावात पहिला प्रश्न "किती जीबीचा हाय" हाच येते, मग विचारणाऱ्याले जीबी म्हणजे काय ते ठाऊक असो नाहीतर नसो.

पण डबा घ्यायचाच झाला तं आमच्यासारखा घ्या. यातल्या बऱ्याच डब्यांत पॉवरची पिन कंपनीची आपली वेगळीच असते, बाजारातला २४ पिनांचा साधा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरले वीज पुरवणारा डबा, त्याले बसत नाही, म्हणून घेणारे सगळा डबा त्याच्या एसएमपीएससकट घेतात. आम्ही हुशार, स्वस्त पडते म्हणून नुसता मदरबोर्ड घेतला. तो अजून कपाटावर आहे, दसऱ्याले विळ्या-पाशीसोबत त्यालेही हळदकुंकू लागते.

एसएमपीएस निवडायची सोपी रीत सांगतो. एका हातात उचलून पाहा, हलका लागला तं घेऊन टाका, मोटरसायकलवर आणाले सोपा पडते. वर ५०० वॅट छापलेलं असलं म्हणजे झालं, छापाले काय लागते. अन् स्टॅबिलायझर तं कायलेच पाह्यजे? आमच्याकडं रातच्याले थ्री फेज आला की साऱ्या शिवारातल्या मोटरा एकदम सुरू होतात अन् घरातला बल्ब काजव्यावानी होते, तेव्हा पेटी आपोआप बंद पडून परत चालू होते. ही सोयच समजा, पोट्टे जेवाले उठतात.

अर्थिंगचं तं बोलूच नका. बोर्डात तिसरं भोक नाही ना, मग प्लगची ती जाडी पिन आमच्या गावच्या वायरमनसारखी छाटून टाका. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, अर्थिंग नसलं की डब्याच्या पत्र्यावर मेन्सचा अर्धा व्होल्टेज लटकून राह्यते, करंट जराकसा असते पण हाताले कळते. आमचा कंट्रोल पॅनल पत्र्याचा, खालची जमीन शेणानं सारवलेली, त्या दिवशी सकाळीच सारवली होती म्हणून ओली, अन् भाचा अनवाणी. त्यानं जॉयस्टिक धरली, मनगट पत्र्याले टेकलं, एकदम हात झटकला, मग परत हळूच एक बोट लावून पाह्यलं अन् वरडला, "मामा, याच्यात तं व्हायब्रेशन भी हाय!" गावभर तीच जाहिरात झाली. पोट्टे गेम खेळाले कमी अन् झिणझिण्या घ्याले जास्त येत. वीस फुटांची वायर अन् आंगणात कोळसा-मीठ टाकून गाडलेला खांब, एवढ्यानं हे बंद झालं, पण त्यानंतर गर्दीही घटली हे कबूल करावं लागन.

आता जॉयस्टिक. इथं एक पैसाही जास्त घालू नका, कारण पेटीत हाताले लागणारी वस्तू तेवढी हीच. सगळ्यात स्वस्त किट घ्या, ज्याचं बटन दाबलं की शेंगदाण्याचं टरफल फुटल्यावानी आवाज येते. स्ट्रीट फायटर २ ले सहा बटनं लागतात, मुस्तफाले दोनात भागते, पॅकमॅनले एकही नाही, फक्त दांडा. आता गंमत अशी की पॅकमॅनचा दांडा चारच दिशांचा असते अन् किटमधला आठ दिशांचा. कोपऱ्यावर वळताना तो तिरपा दबला की गोळा भिताडाले नाक लावून उभा राह्यते अन् मागून भूत येऊन खाते. खाली एक चौकोनी चकती असते, काही दांड्यांत ती फिरवली की चारच दिशा राह्यतात. ती चकती नसलेलाच दांडा पन्नास रुपये स्वस्त मिळते, तोच घ्या.

आमच्या दांड्याचा डावा मायक्रोस्विच पंधरा दिवसांत बसला. डावीकडं दाबलं की मुस्तफा डावीकडं जाय, अन् सोडलं तरी जातच राहे, निवडून आल्यावानी, मागं वळून पाहणं नाही. उघडून पाह्यलं तं स्विचची पत्ती वाकलेली, भाच्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मधात घातला. आठ दिवस चाललं. मग वरचा लाल गोळाच हातात आला, तो पोरीनं तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाच्या कपाळावर चिकटवला, शोभते. तोपर्यंत पेटीत नऊ हजाराचं कार्ड निळा-जांभळा उजेड पाडत आरामात बसलेलं होतं.

टीव्हीचं थोडक्यात सांगतो. सेटिंगमध्ये गेम मोड असते, ते लावलं की टीव्ही चित्राची रंगरंगोटी करत बसत नाही अन् बटन दाबल्या-दाबल्या लात बसते. लावू नका, रंग फिके दिसतात. अन् मागं कुबड असलेला जुना टीव्ही, ज्याच्यासाठी ही गेमं बनली होती, तो भंगारवाल्याले देऊन टाका.

पेटी सागवानाची करा, आपल्याकडं सागवान आहे तं प्लायवूड कायले, चंद्रपूरचं सागवान अयोध्येच्या राममंदिरात गेलं, तुमच्या मुस्तफाले नाही जाणार का? सुताराले माप दिलं तं तो म्हणते, "भाऊ, याच्यात देव कोणता बसवाचा?" मी म्हटलं मुस्तफा, तं तो गप्पच झाला. त्यानं मागची बाजू पट्ट्या ठोकून अशी बंद केली की मुंगी जाणार नाही. हवाही गेली नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आत किती ते पाहाले हात घातला अन् लगेच काढला. मग डोकं लावून कूलर पेटीच्या पाठीमागं लावला, मागच्या पट्ट्या उखडून. ती ओली वाळ्याची हवा बोर्डाले चार दिवस मानवली.

शेवटी नाणं टाकायचं तोंड बसवा. पेटी तुमची, वीज तुमची, तरी रुपया टाकल्याशिवाय मजा नाही. हे यंत्र बारा व्होल्टवर चालते अन् त्याले पहिले नमुन्याची नाणी टाकून टाकून शिकवावं लागते, मग तसंच नाणं घेते, दुसरं थुंकते. मी बसून वीस खेपा रुपये टाकले, सगळे नवे, २०११ नंतरचे, २२ मिलिमीटरचे. पूजा झाली, नारळ फुटलं, पहिला मान बाबांचा. बाबांनी देवळीतल्या डब्यातून जुना रुपया काढला, २५ मिलिमीटरचा, आमच्या घरी तेच जास्त. टाकला. खळखळ करत खालून बाहेर. बाबांनी उचलला, धोतराले पुसला, परत टाकला. परत बाहेर. दहाच्या नाण्याचं तं आपल्याले माहीतच आहे, रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये चौदाही डिझाइनी चालतात म्हणून सांगितलं तरी आमचा किराणावाला हात लावत नाही. बाबांनी तिसऱ्या खेपेले नाणं उजेडात धरून दोन्हीकडून पाह्यलं, मग माझ्याकडं पाह्यलं.

"आता रुपया भी बंद केला का बे?"