माझी मांडी आणि तीनताल

उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर, अजून ठणकतंय. पडलो नाही, रिक्षाने उडवलंही नाही. शनिवारी संध्याकाळी नाशकात गंगापूर रोडला गाणं ऐकायला गेलो होतो, एवढंच.

साडेसहाचा कार्यक्रम. सव्वासातला दीपप्रज्वलन, मग शाल, श्रीफळ, मनोगत, मनोगताबद्दलचं मनोगत. ते सगळं सोडतो. गायिका पंचविशीची होती आणि भूप राग गाणार होती. माझ्या शेजारी एक काका येऊन बसले. सत्तरीचे, खादीचा झब्बा, खांद्याला शबनम. शबनममध्ये प्लास्टिकची पिशवी, त्या पिशवीत दुसरी पिशवी आणि दुसऱ्या पिशवीत शेंगदाण्याची चिक्की. एवढा तपशील मला ठाऊक आहे, कारण तो सगळा आलापीच्या वेळी उलगडला.

तबला सुरू झाला आणि काकांनी तीनताल धरला. माझ्या मांडीवर.

आधी वाटलं, चुकून लागला असेल हात. दुसऱ्या थापेला मी पाय सरकवला. हातही मागोमाग आला.

"काका, ही माझी मांडी आहे."

"हो, हो," काका म्हणाले. "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना. डॉक्टरांनी आपटायला मनाई केलीय."

यावर काय बोलणार? बरं, ताल तरी नीट धरावा! तीनतालाच्या मात्रा सोळा. काकांच्या हाती त्या कधी चौदा व्हायच्या, कधी साडेसतरा. नवव्या मात्रेला, खालीला, म्हणजे जिथे टाळी द्यायची नसते तिथे, तोच हात हवेत उडायचा आणि माझा चष्मा कानावरून निसटायचा. गायिका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायची तेव्हा काका अकराव्या मात्रेवर असायचे, आणि मग राहिलेल्या पाच मात्रा घाईघाईने माझ्यावर उरकून घ्यायचे.

मधल्या वेळात प्रश्न. "किशोरीताईंचा भूप ऐकलाय का?"

"ऐकलाय."

दोन मिनिटांनी, 'ग' लागताच: "हा गंधार ताईंचा नाही."

"ही ताई नाहीचये, काका."

"तेच म्हणतोय मी!"

खरं सांगायचं तर थोर गायिका किशोरीताई आमोणकर स्वतः त्या स्टेजवर असत्या, तर काका तिसऱ्या थापेलाच सभागृहाबाहेर असते. श्रोत्यांची चुळबुळ त्यांना खपत नसे, हे जगजाहीर आहे. बहुधा माझी मांडीही बाहेर असती.

आता माझं दुखणं. ताईंचा भूप मी ऐकलाय म्हणजे काय, तो माझ्या अंगात मुरलाय. लहानपणी बाबांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो कॅसेटवर उतरवला. रेडिओ असायचा स्वयंपाकघराच्या फळीवर. त्यामुळे 'प्रथम सुर साधे'च्या ख्यालात आईचं "अहो, दूध बघा" आहे, आणि पुढे 'सहेला रे'मध्ये ऐन रंगात आल्यावर कुकरची शिट्टी आहे. एकच. पण सुरात. भूपात मध्यम आणि निषाद हे दोन स्वर वर्ज्य असतात हे मला फार उशिरा कळलं. कुकर वर्ज्य असतो हे त्याहून उशिरा. पाच स्वरांत माणसाला रडू कसं येतं, ते मला त्या कॅसेटने शिकवलं. गाण्याच्या वाटेला लागलो तो तिच्यामुळेच. कॅसेट नंतर टेपने चावली तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. वाचला तेवढा भाग पुढे पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलाय.

म्हणजे शनिवारी मी तरी काय करत होतो? ती मुलगी जीव ओतून गात होती आणि मी मनातल्या मनात शिट्टीची वाट बघत होतो. तीनशे माणसं तिथे बसली होती, प्रत्येकाच्या कानात आपापली जुनी तबकडी फिरत होती, आणि त्या सगळ्यांशी तिने एकटीने गायचं. काका निदान बोलून तरी दाखवत होते. बरं, तीनशेपैकी तिकीट काढून आलेले किती? एकही नाही. प्रवेश विनामूल्य, वर मध्यंतरात चहा. फुकट ऐकायचं आणि जिन्यावर "आता पूर्वीचं गाणं राहिलं नाही" म्हणत उतरायचं. नाही राहणार! कसं राहील?

तेवढ्यात काका कानात: "आपण नाशिककर. आपला कान तयार असतो. बापूराव पलुसकर कुठले? इथलेच."

हे मात्र खरं. थोर गायक विष्णु दिगंबर पलुसकर शेवटच्या काळात पंचवटीत रामनामात रमले, त्यांचा मुलगा दत्तात्रेय ऊर्फ बापूराव, तोही गायक, 1921 साली नाशिकलाच जन्मले आणि 1955 मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत अख्खा श्री राग मांडून गेले. पण नाशकात मिसळ कुठली चांगली यावर दोन तास वाद घालणारी पन्नास माणसं मिळतील. बापूरावांवर बोलायला हे काका मिळाले. तेही माझ्या मांडीवर.

मध्यंतराआधी गायिका धैवतावर, म्हणजे 'ध'वर जरा रेंगाळली. काका ताठ झाले.

"देसकार!"

"भूपच आहे काका."

"धैवतावर बसली. स्वर तेच पाच, पण धैवत मोठा केला की देसकार. सकाळचा राग! रात्रीच्या वेळी!"

"अहो, येईल ना परत गंधारावर. ती बघा आली."

हे शेवटचं वाक्य मी बोललो. हळू, पण मीच. आणि नेमकी त्याच क्षणी बिल्ला लावलेली एक स्वयंसेविका वाकून माझ्या, माझ्या कानात म्हणाली, "काका, प्लीज. लोकांना ऐकायचंय."

मला काका! मला प्लीज! तासभर सोळा मात्रा सोसल्या त्याचं काही नाही. शेजारी खरे काका डोळे मिटून, मान डोलवत, साक्षात रसिक होऊन बसलेले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. भूप पुढे कसा झाला मला विचारू नका.

पार्किंगमध्ये काका उभे. "तुम्ही सिडकोकडे जाताय का?"

मी राहतो मखमलाबाद रोडला. सिडको बरोबर उलटं. पण नाही म्हणायला जी धमक लागते ती माझी शाल-श्रीफळातच संपली होती. गाडीत बोलायला नको म्हणून पेनड्राइव्ह लावला. 'सहेला रे' सुरू झालं आणि काका एकदम गप्प झाले. गंधार नाही, देसकार नाही, चिक्की नाही. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले. मायको सर्कलच्या पुढे शिट्टी झाली.

माझ्या मांडीवर थाप पडली. अख्ख्या संध्याकाळीत पहिल्यांदा, बरोबर समेवर.

"वा!" काका म्हणाले. "कुकर कुठल्या कंपनीचा हो?"