कोरियन लिपी अयोध्येहून गेली नाही

‘इ.स. ४८ मध्ये अयोध्येची राजकन्या कोरियाची राणी झाली, तिने नेलेल्या ब्राह्मीचीच पुढे कोरियन लिपी झाली. कोरियनमधले अम्मा, अप्पा हे शब्दही आपलेच!’ हा फॉरवर्ड परवा पुन्हा आला.

राजकन्येची कथा आहे, पण ती ‘सामगुक युसा’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात. तिथे देशाचं नाव ‘आयुता’. ते म्हणजे अयोध्याच, हा नंतरचा तर्क. बरं, तोही मान्य करू. मग लिपी कुठे होती? कोरियन लोक तर शतकानुशतकं चिनी अक्षरांतच लिहीत होते. आजची कोरियन लिपी म्हणजे तिथल्या राजा सेजोंगची अक्षरं. ती तयार झाली १४४३च्या अखेरीस, जाहीर झाली १४४६ मध्ये. चौदाशे वर्षं राणीच्या पेटाऱ्यात होती का?

आकारांचं म्हणाल, तर ते कुठून आले हे १४४६च्या स्पष्टीकरण-ग्रंथातच लिहिलंय. त्याची प्रत १९४० मध्ये सापडली. ‘न’चं अक्षर म्हणजे टाळूला टेकलेली जीभ, ‘म’चं म्हणजे तोंड. ‘क’च्या अक्षरात एक रेघ वाढवली की ‘ख’. आपल्या क आणि ख च्या आकारांत असं काही नातं दिसतं का?

भारताचा धागा आहे, पण वेगळाच. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य अशी आपली वर्गवारी बौद्ध भिक्षूंमार्फत चिनी ध्वनिशास्त्रात मुरली आणि सेजोंगने ते शास्त्र अभ्यासलं होतं. कोरियाचे अमेरिकन अभ्यासक गॅरी लेडयार्ड यांच्या मते तर काही व्यंजनांचे आकार मंगोलांच्या फाग्स-पा लिपीवरून आले. ती तिबेटीवरून आणि तिबेटी ब्राह्मी घराण्यातली. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत. मानलं तरी नातं फार लांबचं, आणि त्यात राणी कुठेच नाही.

अम्मा-अप्पा? जगभरची तान्ही बाळं ओठांनी म-प करतात, दुसरं काय.

मला खटकतं ते वेगळंच : या लिपीने घरच्याच मैदानात काय सोसलं, ते अशा फॉरवर्डमध्ये पुसलं जातं. १४४४ मध्ये चोए मान्री या दरबारी पंडिताने राजाला अर्ज केला : चिनी सोडून स्वतःची लिपी ठेवणं हे मंगोल, जपानी, तिबेटी अशा रानटी लोकांचं काम. १५०४ मध्ये नंतरच्या राजा योनसानविरुद्ध याच लिपीत पत्रकं लागली, तेव्हा त्याने तिच्यावर बंदीच घातली. तिला ‘ओनमुन’, म्हणजे गावठी लिपी, म्हणत. तरी बायकांनी पत्रांतून आणि वाचकांनी कथा-कादंबऱ्यांतून ती जगवली. सरकारी कागदांवर तिला मान मिळाला १८९४ मध्ये.

आज उत्तर कोरिया १५ जानेवारीला तिच्या निर्मितीचा दिवस पाळतो आणि दक्षिण कोरिया ९ ऑक्टोबरला ती जाहीर झाल्याचा.