जोडीदाराच्या नावाचा रकाना

जोडीनृत्य शिकणाऱ्या होतकरू मुलामुलींना आर्थिक साहाय्य देणाऱ्या एका धर्मादाय न्यासाच्या निवड समितीवर मी तीन वर्षे काम केले. आमच्या अर्जाच्या पहिल्याच पानावर ‘जोडीदाराचे नाव’ असा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय अर्ज स्वीकारला जात नसे. पहिली दोन वर्षे मला त्यात काहीही वावगे वाटले नाही. तिसऱ्या वर्षी एका मुलीने त्या रकान्यात ‘शोध चालू आहे’ एवढेच लिहून पाठवले आणि तिचा अर्ज छाननीतच बाद झाला. बाद करणाऱ्यांमध्ये मीही होते, हे आधीच सांगून टाकते. ती नियमित शिकत होती, तिच्या प्रशिक्षकांचा अभिप्राय उत्तम होता आणि घरची परिस्थिती अशी होती की आमचा न्यास स्थापन झाला तो अशाच मुलीसाठी. तिच्याकडे फक्त जोडीदार नव्हता, कारण आदल्या वर्षीचा जोडीदार तिला सोडून दुसरीबरोबर नाचू लागला होता. हे साहाय्य जोडीला न देता माणसाला दिले पाहिजे, असे माझे मत त्या अर्जापासून बनत गेले.

मुळात या नृत्याला पैसा कुठे लागतो, याबद्दलच बराच गैरसमज आहे. बाहेरच्या माणसाला बॉलरूमचा, म्हणजे या स्पर्धात्मक जोडीनृत्याचा, खर्च पोशाखात दिसतो, कारण खडे जडवलेला झगा लांबूनही चमकतो. खरा पैसा मात्र खासगी शिकवणीच्या तासांत, सरावासाठी घेतलेल्या फ्लोअरच्या भाड्यात, स्पर्धांच्या प्रवेश फीमध्ये आणि प्रवासात जातो. स्टँडर्ड विभागात वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप अशी ५ नृत्ये असतात. लॅटिनमध्ये सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह अशी आणखी ५. दोन्ही विभाग करणाऱ्या जोडीला बहुधा दोन वेगळे प्रशिक्षक लागतात, बुटांचे जोडही वेगवेगळे लागतात आणि त्यांचे मऊ चामड्याचे तळवे ब्रशने घासून घासून झिजतात. समूहवर्गात पावले शिकता येतात, परंतु वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेमके कधी जाते, हातांची चौकट कुठे ढिली पडते, जोडीदाराला दिलेला इशारा त्याच्यापर्यंत पोहोचतो की वाटेतच विरतो, हे प्रशिक्षकाने दोघांशी आळीपाळीने स्वतः नाचून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि म्हणून खासगी तासाला पर्याय नसतो. त्यामुळे न्यासाने तासांचे आणि फ्लोअरचे पैसे आधी द्यावेत आणि पोशाखाचे सर्वांत शेवटी, असे मी बैठकीत म्हणत असे. झगे तर वापरलेलेही विकत मिळतात. चार चांगले झगे घेऊन ते आळीपाळीने वापरायला दिले तरी काम भागते. अगदी लहान वयोगटात वर्ल्ड डान्सस्पोर्ट फेडरेशन या जागतिक संघटनेच्या नियमांनी चमचमाटावर आधीच बंधने घातली आहेत. पालकांना ती जाचक वाटतात. मला ती फार शहाणपणाची वाटतात.

आता जोडीच्या प्रश्नाकडे येते. टेनिसमध्ये दुहेरीचा जोडीदार निघून गेला तर खेळाडूला निदान एकेरी खेळता येते. येथे तशी सोय जवळजवळ नाही. काही स्पर्धांत एकट्याने नाचण्याचे गट असतात, पण ज्या कौशल्यासाठी मूल हे नृत्य शिकते, ते त्या गटांत तपासलेच जात नाही. जोड्या मोडण्याची कारणे बहुतेक वेळा भांडणाची नसतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी एकाची उंची झपाट्याने वाढते आणि चौकट जमेनाशी होते. लहानांच्या गटांत जोडीचा वयोगट थोरल्या जोडीदाराच्या वयावरून ठरतो, त्यामुळे एकाच्या वाढदिवसाने दोघांनाही वरच्या गटात जावे लागते आणि धाकट्याच्या पालकांचा धीर सुटतो. एखाद्याचे कुटुंब गाव सोडते, एखाद्याची परीक्षा येते. यांपैकी कशातही मागे राहिलेल्या मुलाचा किंवा मुलीचा दोष नसतो, आणि तरीही आमच्या नियमानुसार जोडी मोडली त्या महिन्यापासून दोघांचेही अनुदान बंद होत असे. म्हणजे सरावाची सवय टिकवणे सर्वांत कठीण असते आणि प्रशिक्षकाबरोबरचे तास सर्वांत जास्त लागतात, नेमक्या त्याच काळात आम्ही हात काढून घेत होतो.

याहून नाजूक गोष्ट अर्जात कधीच लिहिलेली नसते. या क्षेत्रात मुली जास्त आणि मुलगे कमी, ही जुनी तक्रार आहे. तिचा परिणाम असा होतो की चांगला मुलगा आपल्या मुलीबरोबर टिकावा म्हणून मुलीचे आईवडील त्याच्याही तासांचे, प्रवासाचे, कधी बुटांचेही पैसे भरतात. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या मुलीच्या वाट्याला प्रतीक्षा येते. अशा जोडीला एकत्रित अनुदान दिले की कागदावर ते दोघांना समान दिसते, प्रत्यक्षात मात्र ऐपत असलेल्या घराचा भार हलका होतो आणि ऐपत नसलेली मुलगी होती तिथेच राहते. उलट, गरजू मुलाला त्याच्या स्वतःच्या नावाने साहाय्य मिळाले, तर जो आपला खर्च उचलेल त्याच्याकडे जाण्याची त्याला गरज राहत नाही, आणि तो जिच्याशी नृत्य जुळते तिच्याबरोबर नाचू शकतो. अमेरिकेच्या नॅशनल डान्स कौन्सिलने २०१९ मध्ये जोडीची व्याख्या बदलून ती एक नेतृत्व करणारा आणि एक अनुसरण करणारा अशी केली, लिंगाची अट काढली. दोन मुलींनी जोडी करून स्पर्धेत उतरावे, याला त्यामुळे तेथे दार उघडले. आपल्या अर्जावरचे ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ हे छापील शब्द न्यासांनी अशा वेळी तसेच का ठेवावेत, हे मला समजत नाही.

मग निवड कशावर करायची? विश्वस्तांचे उत्तर तयार असते: निकालांवर. मला हे उत्तर अपुरे वाटते. बॉलरूम स्पर्धांत रूढ असलेल्या ‘स्केटिंग’ नावाच्या निकालपद्धतीत प्राथमिक फेऱ्यांमध्ये परीक्षक गुण देत नाहीत. पुढच्या फेरीत कोणाला पाहायचे, एवढ्याच खुणा करतात. अंतिम फेरीत क्रमांक लावले जातात आणि बहुमताने निकाल ठरतो. उपांत्य फेरीत थांबलेल्या जोडीतला कोण चांगला होता आणि कोणामुळे ती थांबली, हे त्या खुणांवरून कोणालाही सांगता येणार नाही. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलचा नृत्यमहोत्सव १९२० पासून भरतो आणि तिथल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये नाचायला मिळावे हे जगभरच्या स्पर्धकांचे स्वप्न असते, हे मान्य. पण तिथपर्यंत पोहोचलेल्याला कोणी ना कोणी पैसे दिलेलेच असतात. एकट्या विद्यार्थ्याची प्रगती पाहायची तर पदक परीक्षांचा जुना मार्ग आहे. इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंगसारख्या १९०४ पासूनच्या संस्थेच्या परीक्षांत उमेदवार आपल्या शिक्षकाबरोबर नाचू शकतो आणि परीक्षक फक्त उमेदवाराला जोखतो. म्हणजे जोडीदाराशिवाय पारख होऊच शकत नाही, हा आमचा युक्तिवाद मुळातच लंगडा होता.

एका विश्वस्तांनी विचारले होते की, जोडीदार कधी सापडलाच नाही तर देणगीदारांना काय सांगायचे? प्रश्न रास्त आहे. दुसरीही भीती खरी आहे, की वरचा क्रमांक मिळावा म्हणून दर सहा महिन्यांनी जोडीदार बदलणाऱ्याला आपण उत्तेजन देऊ. म्हणून शोधाच्या काळातल्या साहाय्याला एक वर्षाची मर्यादा असावी आणि त्या वर्षात घेतलेल्या तासांची नोंद मागावी, याला माझी हरकत नाही. परंतु नोंद देणारा प्रशिक्षक, शिफारस करणारा प्रशिक्षक, न्यासाकडून फी घेणारा प्रशिक्षक आणि रविवारी स्पर्धेत परीक्षक म्हणून बसणारा प्रशिक्षक ही या छोट्या जगात पुष्कळदा एकच व्यक्ती असते, याकडे देणगीदारांनी जोडीदाराच्या प्रश्नापेक्षा अधिक लक्ष द्यावे. समितीत बसलेल्या प्रशिक्षकाने आपल्या विद्यार्थ्याच्या अर्जावेळी उठून बाहेर जावे, हे आमच्याकडे मला दोनदा सांगावे लागले. दुसऱ्यांदा सांगितल्यावर चहा गार होईपर्यंत कोणी काही बोलले नाही.

समिती सोडताना मी तीन बदल लेखी सुचवले: अनुदान व्यक्तीच्या नावाने द्यावे, जोडी मोडली तरी ते वर्षभर चालू ठेवावे, आणि नव्या जोडीदाराबरोबर ट्रायआउटसाठी परगावी जाण्याचा प्रवासखर्च द्यावा. पहिले दोन मान्य झाले. तिसऱ्यावर अजून वाद चालू आहे, कारण ट्रायआउटची पावती मिळत नाही. दोन अनोळखी मुले तासभर एकत्र नाचतात आणि दोन्ही घरे ‘कळवतो’ म्हणून निघून जातात. ‘शोध चालू आहे’ असे लिहिणाऱ्या मुलीने त्या वर्षी अशा पाच ट्रायआउट दिल्या, आणि पाचही वेळा तिकिटाचे पैसे तिच्या प्रशिक्षकांनी स्वतःच्या खिशातून भरले, असे मला नंतर कळले.